दिसणे, न दिसणे आणि भासणे

बाल्कनीतल्या कुंडीत कढीपत्ता वाढवणाऱ्या घरांत पावसाळ्यात एक प्रसंग हमखास घडतो. फोडणीसाठी पाने खुडायला गेलेल्या माणसाला एखाद्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसते. तपकिरी रंग, मध्ये पांढरट पट्टा, वर ओलसर चकाकी. ते पान टाळून दुसरे खुडले जाते. काही दिवसांनी ती 'विष्ठा' नाहीशी होते आणि तिच्या जागी एक हिरवीगार, गुबगुबीत अळी निवांतपणे झाड फस्त करीत असलेली आढळते. या दोन्ही गोष्टी एकच होत. 'कॉमन मॉरमॉन' नावाच्या काळ्या फुलपाखराची, किंवा त्याच्याच भावकीतल्या 'लाइम बटरफ्लाय'ची ती अळी असते. लिंबू, संत्रे, बेल, कढीपत्ता या एकाच कुळातील झाडांवर ती वाढते.

लहान असताना विष्ठेसारखे आणि मोठेपणी पानासारखे दिसायचे, ही योजना अळीने विचारपूर्वक आखलेली नाही. विष्ठेचे सोंग लहान शरीरालाच शोभते. दीड इंच लांबीची विष्ठा कोणत्या बुलबुलाला खरी वाटेल? म्हणून शेवटची कात टाकताना रंग बदलतो. या बदलाची चावी अळीच्या शरीरातील एका संप्रेरकात आहे. कॉमन मॉरमॉनच्या जपानी भाईबंदावर प्रयोग करून तेथील संशोधकांनी हे २००८ मध्ये दाखवून दिले. 'बाल संप्रेरक' म्हणून ओळखले जाणारे हे द्रव्य एका ठरावीक मुदतीपूर्वी ओसरले, तर अळी हिरवी होते. ते कृत्रिमरीत्या टिकवून ठेवले, तर ती पुन्हा विष्ठेच्याच वेषात राहते. एवढे करूनही पक्ष्याची चोच अंगाला लागलीच, तर अळी डोक्यामागून लाल रंगाचे दुभंगलेले मांसल शिंग बाहेर काढते आणि उग्र दर्प सोडते. कढीपत्ता खुडताना हा अनुभव घेतलेल्या वाचकांना त्याचे वर्णन सांगण्याची गरज नाही.

भक्षकाच्या नजरेपासून वाचण्याचे भक्ष्य प्राण्यांचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला, परिसरात मिसळून जाऊन दिसेनासे होणे. याला मराठी विश्वकोशात 'मायावरण' असा सुरेख शब्द आहे. दुसरा याच्या अगदी उलट. भडक रंग मिरवून 'मी विषारी आहे, वाटेला जाऊ नकोस' असे बजावणे, म्हणजे इशारा रंग. तिसरा मार्ग म्हणजे स्वतःजवळ विष नसताना विषारी प्राण्याचे रूप घेणे, म्हणजेच अनुकृती. कॉमन मॉरमॉन आपल्या महिना-दीड महिन्याच्या आयुष्यात यातले बहुतेक सारे प्रकार वापरते. त्याच्या मादीकडे आपण पुढे येणारच आहोत. परंतु हे रंग आले कुठून, या प्रश्नाचे सर्वाधिक तपासलेले उत्तर आपल्या बागेत नव्हे, तर इंग्लंडच्या धुराड्यांखाली सापडले.

मँचेस्टरचा काळा पतंग

इंग्लंडमध्ये 'पेपर्ड मॉथ' नावाचा एक पतंग आहे. पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके असल्याने हे नाव पडले. तो रात्री उडतो आणि दिवसा झाडाच्या फांद्यांवर किंवा खोडांवर पंख पसरून निश्चल बसतो. झाडांच्या सालीवर शैवाक, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलासारखी वनस्पती, वाढलेली असेल, तर तो डोळ्यांसमोर असूनही ओळखू येत नाही. १८४८ साली मँचेस्टरमध्ये या जातीचा एक पूर्ण काळा पतंग पकडला गेल्याची नोंद आहे. त्या काळी ती संग्राहकांच्या दृष्टीने एक दुर्मीळ चीज होती. १८९५ पर्यंत मँचेस्टर परिसरातील या जातीचे सुमारे ९८ टक्के पतंग काळे झालेले होते.

पन्नास वर्षांत असे काय घडले? गिरण्यांच्या कोळशाच्या धुराने शैवाक मेले आणि झाडांच्या साली काजळीने माखल्या. काळ्या सालीवर पांढरा पतंग पक्ष्यांना सहज दिसू लागला आणि काळा लपू लागला, असे स्पष्टीकरण जे. डब्ल्यू. टट या कीटकअभ्यासकाने १८९६ मध्ये मांडले. १९२४ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी गणिताने दाखवले की, एवढ्या वेगाने बदल होण्यासाठी काळ्या पतंगांची तगण्याची शक्यता फिक्यांच्या जवळजवळ दीडपट असली पाहिजे. नैसर्गिक निवडीचा प्रभाव इतका तीव्र असू शकतो, यावर त्या वेळी फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.)

गणिताला प्रत्यक्षाची जोड दिली ती ऑक्सफर्डच्या बर्नार्ड केटलवेल यांनी. मूळचे डॉक्टर असलेल्या या गृहस्थांनी खुणा केलेले पतंग जंगलात सोडले आणि पुढच्या काही रात्रींत त्यांतले किती परत सापडतात ते मोजले. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या वनात काळ्यांपैकी सुमारे २७.५ टक्के परत मिळाले, फिक्यांपैकी केवळ १३ टक्के. १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ वनात चित्र उलटले: फिके १२.५ टक्के, काळे ६.३ टक्के. पक्षी खोडावरचे पतंग टिपत असल्याचे चित्रीकरण निको टिनबर्गन यांनी केले. हा प्रयोग जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. आपल्या एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रातही या पतंगाचे उदाहरण आहे.

आणि मग तो वादात सापडला. केटलवेल यांनी पतंग दिवसा सोडले, एका जागी फार संख्येने सोडले आणि खोडांवर ठेवले, असे आक्षेप शास्त्रज्ञांनीच घेतले. पाठ्यपुस्तकांतील काही छायाचित्रे मेलेले पतंग चिकटवून घेतल्याचेही उघड झाले. २००२ मध्ये ज्युडिथ हूपर यांच्या पुस्तकाने तर केटलवेल यांच्या सचोटीवरच शंका घेतली. उत्क्रांती न मानणाऱ्यांना आयते कोलीत मिळाले. खरे तर आक्षेप प्रयोगाच्या तपशिलांवर होते, निष्कर्षावर नव्हे. पण एवढा फरक करण्याची उसंत वादविवादात कोणाला असते!

या वादाला उत्तर देण्याचा जो मार्ग केंब्रिजच्या मायकेल मजेरस यांनी निवडला, तो मला या साऱ्या कथेतील सर्वांत आदरणीय भाग वाटतो. त्यांनी लेख लिहून प्रतिवाद करण्यापेक्षा प्रयोग पुन्हा केला, आक्षेप घेतलेली प्रत्येक त्रुटी टाळून. २००१ ते २००७ अशी सहा-सात वर्षे त्यांनी स्वतःच्या बागेत, रात्रीच्या वेळी, नैसर्गिक प्रमाणात एकूण ४,८६४ पतंग सोडले आणि पहाटे ते कुठे बसले आहेत व कोणता पक्षी त्यांना उचलतो, हे दुर्बिणीने पाहिले. नऊ जातींचे पक्षी पतंग खाताना दिसले आणि त्या स्वच्छ हवेच्या परिसरात काळे पतंग फिक्यांपेक्षा दररोज सुमारे नऊ टक्के अधिक प्रमाणात बळी पडत होते. पतंग खोडावर बसतच नाहीत, हा आक्षेपही टिकला नाही. जवळपास एक तृतीयांश पतंग खोडांवरच आढळले. शोधनिबंध लिहून होण्यापूर्वीच २००९ मध्ये मजेरस यांचे निधन झाले. त्यांची आकडेवारी चार सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली.

दरम्यान निसर्गानेही प्रयोग उलट दिशेने चालवला होता. ब्रिटनने १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला. लिव्हरपूलजवळच्या एका गावात डॉ. सिरिल क्लार्क यांनी १९५९ पासून ठेवलेल्या नोंदींनुसार, त्या वर्षी नव्वद टक्क्यांहून अधिक असलेले काळे पतंग १९९४ मध्ये वीस टक्क्यांखाली आले होते. अमेरिकेतही हवा सुधारली तसे काळे पतंग घटले. २०१६ मध्ये या रंगबदलाचे मूळ रेणूंच्या पातळीवर सापडले. 'कॉर्टेक्स' या जनुकात सुमारे बावीस हजार अक्षरांचा एक भटका डीएनए-तुकडा घुसला होता आणि ही घटना १८१९ च्या आसपास घडली असावी, असा अंदाज लिव्हरपूल विद्यापीठाच्या चमूने बांधला. म्हणजे पहिला काळा पतंग पकडला जाण्याच्या सुमारे तीस वर्षे आधी. २०२४ मध्ये झालेल्या काही फुलपाखरांवरील संशोधनाने मात्र रंगाची खरी कळ कॉर्टेक्समध्ये नसून त्याच्याच शेजारून तयार होणाऱ्या एका सूक्ष्म आरएनएमध्ये असल्याचे पुढे आणले आहे.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. काजळीने पतंग काळा केला नाही. काळा पतंग अपघाताने जन्मला आणि काजळीमुळे तो वाचला. हा फरक आपल्या शालेय शिक्षणात नेहमीच निसटतो. एनसीईआरटीने २०२२-२३ च्या फेररचनेत दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये देशभरातील १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी जाहीर पत्राद्वारे आक्षेप घेतला. दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांना ही कथा आता वर्गात भेटत नाही, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता.

भडकपणाचे कोडे

लपण्याचे फायदे कोणालाही कळतात. भडक दिसण्याचे काय? हा प्रश्न प्रत्यक्ष चार्ल्स डार्विन यांनाही पडला होता. नर पक्ष्यांचे रंग माद्यांना आकर्षित करण्यासाठी, हे त्यांनी जाणले होते. पण अळीला तर जोडीदारच नसतो. मग काही अळ्या एवढ्या रंगीबेरंगी कशासाठी? त्यांनी आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना विचारले. वॉलेस यांनी १८६७ मध्ये उत्तर दिले की, या अळ्या बेचव किंवा विषारी असाव्यात आणि रंग ही त्यांची पाटी असावी. चोचीची एक टोचही अळीला पुरेशी घातक असते. त्यामुळे तोंड लावण्यापूर्वीच ओळख पटणे तिच्या हिताचे. जॉन जेनर वेअर यांनी पिंजऱ्यातील पक्ष्यांना अळ्या देऊन हा अंदाज पडताळला आणि तो खरा ठरला.

आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण रेल्वेरुळांच्या कडेला, ओसाड भूखंडांवर दिसते. मारुतीला ज्या रुईच्या पानांचा हार घालतात, त्या रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषे असतात. 'प्लेन टायगर' या नारिंगी फुलपाखराची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी हीच पाने खाते. त्याचे अमेरिकी नातेवाईक असलेल्या 'मोनार्क'वर लिंकन ब्राउअर यांनी १९६० च्या दशकात प्रयोग केले. विषारी झाडावर वाढलेले मोनार्क खाल्लेला ब्लू जे पक्षी काही मिनिटांत ओकला आणि त्यानंतर त्याने मोनार्कला चोच लावली नाही. कोबीवर वाढवलेले मोनार्क मात्र पक्ष्यांनी बिनदिक्कत खाल्ले. विष फुलपाखराचे नसते, ते झाडाकडून उसने आणलेले असते.

कोडे येथे संपत नाही. समजा, लपून राहणाऱ्या विषारी प्राण्यांत पहिला भडक जीव जन्माला आला. पक्ष्यांना अद्याप धडा मिळालेला नाही. मग तो पहिल्याच दिवशी मारला जाणार नाही का? १९३० मध्ये रोनाल्ड फिशर यांनी सुचवले की, एकत्र वाढणाऱ्या भावंडांत एकाचा बळी गेला तरी इतर वाचतात आणि त्यांच्याद्वारे ते जनुक टिकते. दुसरे उत्तर २०२३ मध्ये पुढे आले. बेडकांसह शेकडो उभयचरांचा वंशवृक्ष तपासला असता असे दिसले की, लपण्यापासून थेट भडकपणाकडे उडी क्वचितच घेतली गेली. बहुधा मधला टप्पा होता तो झाकलेल्या रंगाचा: पाठ मातकट, पोट मात्र लाल किंवा पिवळे, संकटात तेवढे दाखवायचे.

सोंगाचे अर्थशास्त्र

पाटी वाचून भक्षक मागे फिरतो, हे ठरले की खोटी पाटी लावणारे येणारच. मँचेस्टरला काळा पतंग सापडला त्याच १८४८ साली हेन्री वॉल्टर बेट्स आणि वॉलेस हे दोघे तरुण इंग्रज ॲमेझॉनच्या मुखाशी उतरले. बेट्स तेथे अकरा वर्षे राहिले. गोळा केलेल्या फुलपाखरांत त्यांना काही अशी आढळली, की जी आपल्याकडच्या पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळातली असूनही दिसायला हुबेहूब भिन्न कुळातील बेचव फुलपाखरांसारखी होती. १८६२ मध्ये त्यांनी हा सिद्धांत प्रसिद्ध केला: रुचकर प्राणी बेचव प्राण्याचे रूप घेऊन वाचतो. ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले जर्मन निसर्गज्ञ फ्रिट्झ म्युलर यांनी १८७८-७९ मध्ये दुसरी शक्यता मांडली. दोन्ही जाती विषारी असल्या तरी एकसारखे दिसण्यात दोघींचा लाभ आहे, कारण अननुभवी पक्ष्यांना धडा शिकवण्यात खर्ची पडणारे जीव दोघींत वाटले जातात. बेट्सची अनुकृती ही फसवणूक, तर म्युलरची ही भागीदारी.

फसवणुकीला मर्यादा असते. नकली मालाचे प्रमाण वाढले की ग्राहक पाटीवर विश्वास ठेवेनासा होतो. अमेरिकेतील विषारी कोरल साप आणि त्याची नक्कल करणारा बिनविषारी किंगस्नेक यांच्या बाबतीत हे २००१ मध्ये मातीसदृश मळणीचे नकली साप ठेवून तपासले गेले. जेथे कोरल साप आढळतो, तेथे भक्षकांनी पट्टेरी नकला टाळल्या; जेथे तो नाही, तेथे त्यांना संरक्षण मिळाले नाही.

आता कॉमन मॉरमॉनच्या मादीकडे वळू. तिची तीन रूपे आहेत. एक नरासारखे, काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेले. दुसरे 'कॉमन रोझ' या विषारी फुलपाखरासारखे, तर तिसरे 'क्रिमसन रोझ'सारखे. ही 'रोझ' मंडळी ईश्वरीच्या वेलावर वाढून विषारी होतात. ही वेगवेगळी दिसणारी फुलपाखरे एकाच जातीच्या माद्या आहेत, हे वॉलेस यांनी १८६५ मध्येच ओळखले होते. एकाच आईच्या पोटी तीन साच्यांच्या मुली येतात, मधली अर्धवट रूपे येत नाहीत, आणि मुलगे मात्र सारे एकसारखे! अनेक जनुके एकत्र बांधली जाऊन एखाद्या बटणासारखी काम करीत असावीत, असा तर्क दीर्घकाळ होता. २०१४ मध्ये बंगळूरच्या एनसीबीएस संस्थेतील कृष्णमेघ कुंटे आणि शिकागो विद्यापीठातील सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले की, ते बटण एकच जनुक आहे: 'डबलसेक्स', जे कीटकांत नर-मादी भेद ठरवते. त्याचा एक भाग गुणसूत्रावर उलटा बसल्याने त्यातील अक्षरबदल एकगठ्ठा राहतात. मादीच का सोंग घेते, याचे उत्तर बहुधा तिच्या ओझ्यात आहे. अंड्यांनी जड झालेली, झाड शोधत संथ उडणारी मादी पक्ष्यांना सोपी सापडते.

याच फुलपाखरांच्या संकराचे प्रयोग पूर्वी ज्यांनी केले, ते लिव्हरपूलचे सिरिल क्लार्क; काळ्या पतंगांची मोजदाद ठेवणारे तेच. ते व्यवसायाने डॉक्टर होते, फुलपाखरे हा छंद. अनुकृतीची जनुके जशी एकमेकांना बांधलेली असतात, तशीच रचना मानवी रक्तातील आरएच गटाची दिसते, हे साम्य त्यांना जाणवले आणि ते त्या विषयाकडे वळले. आरएच-निगेटिव्ह मातेच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध तयार होणारी प्रतिद्रव्ये रोखणारे 'अँटी-डी' इंजेक्शन १९६० च्या दशकात त्यांच्या चमूने आणि स्वतंत्रपणे न्यूयॉर्कच्या एका चमूने विकसित केले. आजही आपल्या प्रसूतिगृहांत ते दिले जाते. फुलपाखरांचा अभ्यास कशासाठी, असे विचारणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरेसे व्हावे.

घरात निघालेला साप

आपल्याकडे अनुकृतीचा प्रश्न कधी कधी थेट जिवावर बेततो. कवड्या हा बिनविषारी साप घराच्या भिंतींवर पाली शोधत फिरतो. काळपट-तपकिरी अंगावर आडवे पांढरे पट्टे असल्याने तो अत्यंत विषारी मण्यारीसारखा दिसतो. ही अनुकृतीच असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. मुंगूस किंवा घुबड यांच्यापासून कवड्याला या वेषाचा लाभ होत असेलही; माणसापुढे मात्र तो उलटतो आणि मण्यार समजून कवड्या मारला जातो. याच्या उलट चूक अधिक भयंकर. कवड्या समजून मण्यारीला हात लावला जातो, आणि तिचा दंश बहुतेकदा दुखत वा सुजतही नाही. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून काहीशा अंतरावर सुरू होऊन शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात आणि तिच्या पाठीच्या मध्यभागी मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग असते. ही लक्षणे पुस्तकात वाचण्यासाठी ठीक. रात्री विजेरीच्या उजेडात त्यांच्या भरवशावर कोणीही साप हाताळू नये आणि दंश झाल्यास ओळख पटवत न बसता रुग्णालय गाठावे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा प्रश्न निराळा. टिटवीची अंडी खडीत ठेवलेली असूनही दिसत नाहीत, हे माळावर फिरणारा प्रत्येक जण जाणतो. झांबियात रातव्यांसारख्या पक्ष्यांवर झालेल्या अभ्यासाने २०१६ मध्ये सिद्ध केले की, अंडी किंवा अंड्यांवर बसलेला पक्षी भोवतालाशी जितका जुळणारा, तितके घरटे तगण्याची शक्यता अधिक. उत्तर अमेरिकेतील स्नोशू सशाची तर ऋतूनेच फसगत होऊ लागली आहे. हिवाळ्यासाठी तो पांढरा होतो, परंतु बर्फ उशिरा पडते व लवकर वितळते. मग तपकिरी जमिनीवर पांढरा ससा दुरूनही दिसतो आणि अशा सशांचा मृत्युदर वाढल्याचे मोजले गेले आहे.

कुंडीतल्या अळीचे शेवटचे सोंग अजून उरले आहे. पोटभर खाऊन झाल्यावर ती एखाद्या काटकीला किंवा पानाच्या देठाला रेशमी धाग्याने स्वतःला बांधून घेते आणि कोषात जाते. हा कोष हिरवा असतो किंवा तपकिरी. कोणता, ते ती ज्या आधाराला चिकटते त्यावर बरेचसे ठरते. बाल्कनीच्या खडबडीत भिंतीवर किंवा वाळक्या काटकीवर बहुधा तपकिरी, कोवळ्या गुळगुळीत फांदीवर हिरवा. त्यातून नर निघेल की मादी, आणि मादी असल्यास तिन्हींपैकी कोणत्या रूपाची, हे मात्र पंख उघडेपर्यंत बाहेरून सांगता येत नाही. त्यासाठी आणखी दहा-पंधरा दिवस कुंडी जागची हलवू नये.